फंक्शननं वाढवलेली माणसं

पहिल्यांदा खटकली ती आंबील.

भज्जी पन्नास माणसांची आणि आंबील शहाण्णव माणसांची! लॅपटॉपच्या स्क्रीनवर एकाखाली एक, अगदी स्वच्छ. मी दोनदा वाचलं. पण मग मीच माझी समजूत घातली. अगं, आंबील काय, लोक दोन-दोन तांबे पितात! उन्हात बसले तर तीन. मशीनला ते कळलं असेल.

मशीनला कळलं असेल, म्हणे! आणि असं म्हणणारी मुलगी एम.एस्सी. फिजिक्सला आहे, हे कुणाला सांगू? तुम्ही चहा घ्या, मी सुरुवातीपासून सांगते. फक्त हसायचं ते सगळं शेवटी हसा. मधेच कोणी फिसकन् हसलं की मी बिचकते आणि कुठपर्यंत आले होते तेच विसरते.

तर मी नांदेडला हॉस्टेलवर असते, आणि घर शिरूर अनंतपाळच्या जवळ. आमच्याकडं येळवस म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला सांगायची गरजच नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि मग दिवसभर जेवायचं, जेवू घालायचं. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो नाहीतर नसो, त्याला हाताला धरून बसवायचंच. तुमच्या शेतावरून कोणी न जेवता गेलं, तर पुढच्या येळवशीपर्यंत गाव त्यावर बोलत बसतं.

आणि जेवायला भज्जी. तळलेली भजी नव्हे हो! ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, चिंच, बेसन, असं सगळं एकत्र शिजवलेली पातळसर भज्जी. तिच्यासोबत बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. मग गव्हाची खीर, आणि वरून ताकातली आंबवलेली आंबील. आमच्या घरची भज्जी म्हणजे माझ्या आईच्या हातची भज्जी. तिच्यासाठी लोक दुसऱ्याच्या शेतातली पंगत अर्धी टाकून येतात, अशी आमच्या काकूची मखलाशी.

पण या वर्षी आई मोरीत घसरली. उजवा हात मनगटात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर. सगळं काकूवर आलं. काकू सुगरण आहे, पण किती माणसांना किती लागतं हे आजवर आईच बघायची. आईचा जीव नुसता खालीवर. फोनवर मला म्हणाली, "रुतू, आजपर्यंत आपल्या शेतातून कोणी उपाशी गेलं न्हाई गं. आन् उरलं म्हणून ओढ्यातबी टाकलं न्हाई. या बारीला काय व्हतंय कुणास ठाऊक. मला झोप लागंना."

आणि मी, जिला दारावरची बेल वाजली तरी धसका बसतो, ती मी काय म्हणाले असेन?

"आई, तू काळजीच करू नको. मी प्रोग्राम लिहिते!"

आता प्रोग्राम कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण कदम सर! आम्हाला फॉरट्रान शिकवतात. ही भाषा माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठी आहे, पण फिजिक्सवाले अजून तिच्याच मागं. सर म्हणाले होते, "पुस्तकातली उदाहरणं नकोत. घरात उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा. निदान चार फंक्शन पाहिजेत." फंक्शन म्हणजे प्रोग्रामातला छोटा कामगार समजा. त्याला आकडा द्यायचा, तो हिशेब करून उत्तर आणून देतो.

मी चार कामगार नेमले. एक भज्जीचा, एक उंड्यांचा, एक खिरीचा, एक आंबिलीचा. चौघांना एकच आकडा द्यायचा: माणसं. बाबांनी सांगितलं होतं, "चाळीस धर." आईनं सांगितलं होतं, "वाटंनं जाणारे येत्यात, म्हणून दर जिनसाला पाव हिस्सा वाढवून धर."

मी आज्ञाधारक. चारही फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: माणसं बरोबर माणसं गुणिले पाच भागिले चार. चाळीसचे पन्नास. झालं की! यात कुणी चुकेल का?

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रोग्राम चालवला. भज्जी पन्नास, उंडे बासष्ट, खीर सत्त्याहत्तर, आंबील शहाण्णव. आणि शेवटच्या ओळीत: एकूण माणसं शहाण्णव.

दुसऱ्या कोणी मुलीनं असं बघितलं असतं तर म्हणाली असती, प्रोग्राम चुकला. मी तशी नाही. मी आणि मशीन, दोघांत कोणीतरी चुकलं असेल तर ती मीच, अशी माझी लहानपणापासूनची खात्री. आंबिलीबद्दल माझी समजूत मी घातलीच होती. सगळे आकडे काकूला व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. किलोचा हिशेब पण प्रोग्राम देत होता, पण काकूला किलो सांगितलं की ती चिडते. तिला 'इतक्या माणसांची' एवढंच सांगायचं, बाकी तिचा हात आणि ती.

लगेच काकूचा फोन.

"रुते, हे काय लिवलीस गं? भज्जी पन्नासाची आन् उंडे बासष्टचे?"

"हो काकू. मशीननं काढलंय."

"मग वरच्या बारा जणांनी उंडे कशासंगं खायाचे? तुझ्या मशीनसंगं?"

खरंच की. आंबील जास्त पितील, पण उंडे भज्जीशिवाय कोण खाणार? मी घाईघाईनं स्क्रीन बघितली. शेवटची ओळ: एकूण माणसं शहाण्णव. म्हणजे माणसं शहाण्णव आहेत! मग भज्जीच कमी पडतेय! बघा, माझं डोकं कसं चालतं ते. चाळीस मीच टाकले होते, माझ्याच बोटांनी. पण मला वाटलं, वाटेनं येणारे, त्यांच्यासोबतचे, त्यांच्या ओळखीचे, असं काहीतरी त्या पाव हिश्श्यातून निघत असेल. गणित आहे, आपल्याला काय कळतं!

"काकू, थांबा. माणसं शहाण्णव आहेत. मी परत काढते."

आणि मी शहाण्णव टाकले.

भज्जी एकशे वीस. उंडे दीडशे. खीर एकशे सत्त्याऐंशी. आंबील दोनशे तेहतीस.

पाठवलं. पुन्हा फोन.

"अगं बाई, आता उंडे दीडशेचे आन् भज्जी एकशे वीसची! पुन्हा तीस जण कोरडेच ठिवलीस की!"

"काकू, एक मिनिट, मी अजून एकदा..."

"राहू दे तुझं मिनिट. आंबिलीचं पीठ भिजवायची येळ झाली. दोनशे तेहतीस धरून भिजविते. तुझ्या बाबाला लग्नातली मोठी पातेली आणायला धाडलंय."

मी तरी एकदा चालवलाच. दोनशे तेहतीस टाकले. शेवटची ओळ आली: एकूण माणसं पाचशे सहासष्ट.

मी लॅपटॉपच बंद केला. धाडकन्! अजून एकदा चालवला असता तर आख्खा तालुका जेवायला आला असता. हा आकडा मात्र मी कुणालाच सांगितला नाही. एवढी तरी अक्कल होती.

पण खरं सांगू का? भीतीच्या खाली एक किडा वळवळायला लागला होता. हे वाढतंय कसं? मी दिले चाळीस, शेवटी निघाले शहाण्णव. मधली माणसं आली कुठून? कोणी आणली? त्या रात्री जेवताना वरणात चमचा फिरवत मी तेच बघत होते. चमचा बाहेर काढला की वरण तेवढंच. मग माझी माणसं तेवढीच का राहत नाहीत?

येळवशीच्या दिवशी सकाळी लॅब होती. नांदेडला त्या दिवशी सुट्टी नसते. लॅब करून अकराच्या सुमाराची लातूरची एसटी धरायची, असा बेत. लॅबमध्ये शेजारी रुबीना. ती हिमायतनगरची, आमच्या वर्गात प्रोग्रामिंगमध्ये सगळ्यात पुढं, आणि तोंडानं त्याच्याही पुढं.

"कामून अशी बसून राहिलीस? कुणी मेलं का?"

"रुबी, माझी माणसं वाढून राहिली गं."

"कोणती माणसं?"

मी दाखवलं. ती बघायला लागली. मग म्हणाली, "एक काम कर. क्रम बदल. आधी आंबील विचार, भज्जी शेवटी."

बदलला. आकडा चाळीसच टाकला. आणि काय सांगू! आता आंबील पन्नास आणि भज्जी शहाण्णव! म्हणजे आंबिलीचा काही दोष नव्हताच. जो शेवटी, त्याला जास्त.

"मजा आहे ना!" रुबीनाचे डोळे चमकले. "आता प्रत्येक फंक्शनच्या मागं माणसं किती ते छापून बघ."

छापलं. भज्जीच्या फंक्शनला चाळीस दिले होते. ते परत आलं तेव्हा बाहेर, माझ्या प्रोग्रामात, पन्नास होते. मी हात लावला नव्हता! उंड्यांच्या फंक्शननं मग त्या पन्नासचे बासष्ट केले, वरचा अर्धा माणूस टाकून. ते झाले की खिरीनं वाढवले.

"पण मी तर आतमध्ये वाढवले होते!" मी जवळजवळ ओरडलेच. "फंक्शनच्या आत! बाहेर कसे बदलले?"

"अगं वेडे, दाखला मागितला की तू काय देतीस? ओरिजिनल मार्कशीट का झेरॉक्स?"

"झेरॉक्स."

"फॉरट्रानला झेरॉक्स माहीत नाही. तो ओरिजिनलच देतो. तू फंक्शनच्या हातात तुझी ओरिजिनल माणसं ठेवलीस, त्यानं त्यावरच खाडाखोड करून परत दिली. मग तीच तू दुसऱ्याला दिलीस. त्यानं अजून खाडाखोड केली."

आणि त्याच वेळी मला इतकं भारी वाटलं की काय सांगू. म्हणजे चाळीस हा आकडा जातच नाही. तो जिथं ठेवलाय त्या जागेचा पत्ता जातो! मग मला अजून एक खाज सुटली. व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची ती नाव दिलेली जागा, न देता सरळ चाळीस असंच लिहून दिलं तर? तिथं कशावर खाडाखोड करणार? करून बघितलं. प्रोग्राम धाडकन् आडवा. स्क्रीनभर आरडाओरड.

तेवढ्यात कदम सर मागून आले. "काय चाललंय?"

मी दचकून उभीच राहिले. सरांनी बघितलं आणि हसले. "हे बरं आहे, पडला तरी. पूर्वीच्या काही कंपायलरवर पडायचा नाही. तुम्ही फंक्शनला सरळ चार हा आकडा दिला आणि आत त्यात एक मिळवला, की पुढं सगळ्या प्रोग्रामात चार लिहिलं की पाच निघायचे."

"चार म्हणजे पाच, सर? कायमचे?"

"प्रोग्राम संपेपर्यंत."

मला सांगा, ही गोष्ट ऐकून माझ्यासारख्या मुलीला त्या दिवशी जेवण गेलं असतं का? जगात असे आकडे आहेत ज्यांना कोणीतरी आतून बदलून ठेवलंय आणि बाहेर कोणाला पत्ताच नाही! मी हॉस्टेलच्या खोलीचा नंबर मनात तपासून घेतला.

सर म्हणाले, "माणसं जिथं घेता त्या ओळीत इंटेंट इन लिहा. मग बघा काय होतं."

लिहिलं. आणि कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून देणारा, माझ्यावर डाफरला: हा आकडा फक्त वाचायला दिलाय, बदलायचा नाही. नेमकी तीच ओळ दाखवली! एवढं सोपं होतं. दोन शब्द लिहिले असते तर काल दुपारीच कंपायलरनं मला झापलं असतं आणि काकूवर झापायची वेळ आली नसती. मग मी आत एक वेगळं व्हेरिएबल घेतलं, 'धरलेली' नावाचं. धरलेली बरोबर माणसं गुणिले पाच भागिले चार. वाढवायचं ते त्याला वाढव, मूळच्या माणसांना हात लावू नको.

चालवला. भज्जी पन्नास. उंडे पन्नास. खीर पन्नास. आंबील पन्नास. एकूण माणसं चाळीस.

चाळीस! माझे चाळीस मला परत मिळाले! डोळ्यांत पाणी आलं हो. मी तिथल्या तिथं काकूला मेसेज टाकला: "काकू, प्रोग्रामची चूक सापडली. भज्जी ५० माणसांचीच." दोन निळ्या खुणा आल्या. काकूनं वाचलं होतं. घरातून निघायच्या आत वाचलं, हे किती बरं झालं!

मी रुबीनाला कँटीनमध्ये चहा पाजला. म्हटलं, आंबील जास्त झाली तर झाली, ती शेजारच्या शेतात वाटता येईल. भज्जी तरी वाया जाणार नाही. आईला ओढ्यात काही टाकावं लागणार नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की एसटीत खिडकी मिळाली नाही तरी मला काही वाटलं नाही.

एसटी लोह्याच्या पुढं आली आणि बाबांचा व्हॉइस मेसेज आला. सकाळी पाठवलेला, आता पोचलेला. मी कानाला लावला.

"बाळा, काकू म्हणली तू दोनशे तेहतीस माणसं काढलीस. म्हणलं मशीन बोललं म्हंजी बोललं. पर आपल्याकडं तर चाळीसच व्हती. लई कमी पडून राहिली व्हती माणसं. मी भरून काढली. मुरुडच्या मामाला सांगितलं, गल्ली घिऊन ये. हायस्कूलचे गुरुजी लोक सांगितले. ट्रॅक्टरवाला सांगितला, त्याचे मेकॅनिक सांगितले. पहाटं शिरूरच्या स्टँडवर जाऊन हुबा राहिलो, जो उतरंल त्याला सांगितलं. सव्वादोनशेच्या आसपास झालीत. तू कायबी फिकीर करू नको. तुझं गणित बसविलं मी."

तुझं गणित बसविलं मी!

ऐकताय ना तुम्ही? मी फंक्शन दुरुस्त केलं. लॅबमध्ये, एसीत बसून. पण फंक्शननं जी माणसं बदलायची ती आधीच बदलून झाली होती. ओरिजिनल चाळीस राहिलेच नव्हते. तिकडं खरीखुरी सव्वादोनशे माणसं चपला घालून आमच्या शेताकडं निघाली होती. आणि मी काकूला काय सांगून बसले होते? भज्जी पन्नासचीच!

सव्वादोनशे माणसं, पन्नास जणांची भज्जी, आणि माझी आई प्लास्टर घातलेला हात घेऊन मधे उभी. मला दिसायलाच लागलं ते. मामाची गल्ली ताटं घेऊन बसलीय, आई प्रत्येकाला म्हणतेय, "थोडं थांबा हं." आईला आयुष्यात कोणाला 'थांबा' म्हणावं लागलं नव्हतं.

मी फोन लावला. बाबा: रिंग वाजून वाजून बंद. आई: स्विच ऑफ. ती एका हातानं फोन चार्ज करत नाही, मला माहितीय. काकू: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या शेतात रेंज नाहीच. बांधाच्या टोकाला, रस्त्याजवळ, बाभळीखाली उभं राहिलं तर जरा येते. येळवशीला रस्त्यापर्यंत कोण येणार? सगळे खोपीपाशी.

परत बाबा. परत काकू. परत आई, स्विच ऑफच. परत काकू. शेजारची बाई सरकून बसली. कंडक्टर येऊन उभा राहिला.

"ताई, लईच घाबरून राहिलाव. घरी कोणी सिरियस हाय का?"

"हो."

"कोण?"

"भज्जी."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं! मग मागं जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि त्या बाकावरची दोघं वळून मला बघायला लागली.

अहमदपूर आलं. मी गाडीतून उतरून स्टँडवर फिरत फिरत लावला, कारण मला वाटलं गाडीच्या पत्र्यानं रेंज अडत असेल. अडचण माझ्या रेंजची नव्हतीच, पण त्या वेळी मला तेवढं कुठलं सुचायला! गाडी सुटायला लागली तेव्हा पळत पळत चढले. मेसेज टाकले: "काकू थांबा." "काकू ५० नको." "काकू फोन करा." प्रत्येकाला एकच खूण. कुठं पोचतच नव्हते. आमच्या भागात त्या दिवशी सगळी माणसं शेतात आणि मी एकटी सगळ्यांच्या फोनवर!

मधे रुबीनाचा मेसेज आला. "पोचलीस का? भज्जी कशी झाली?" मी तिला सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं: "या अल्ला. इंटेंट इन तुझ्या बाबांना लावायला पाहिजे होता."

हसायचं नाही म्हटलं होतं ना मी?

गाडी चाकूरच्या जवळ आली. दोन्ही बाजूला शेतांत खोपी, माणसं, रंगीत लुगडी, चुलींचा धूर. सगळीकडं लोक जेवत होते. फक्त आमच्या शेतात लोक माझ्यामुळं उपाशी असणार. मी पुन्हा काकूचा नंबर दाबला. किती वेळा दाबला असेन, बोटालाच पाठ झाला होता.

आणि रिंग वाजली!

वाजली, वाजली... आणि उचलला!

"हॅलो? कोण, रुतू? बोल बाई. बांधावर पाव्हणे घ्यायला आले म्हणून लागला बघ."

मी श्वाससुद्धा घेतला नाही. आख्खी एसटी वळून बघेल असं ओरडले, "काकू, दोनशे तेहतीस! भज्जी दोनशे तेहतीस माणसांची पाहिजे! आत्ताच्या आत्ता टाका!"

पलीकडं माणसांचा नुसता कल्ला.

"आणिक दोनशे तेहतीस?" काकू म्हणाली.

"आणिक म्हणजे?"

"अगं, काल पन्नासाची म्हणलीस, ती धरली. मग एकशे वीसची म्हणलीस, तीबी त्यातच धरली. सकाळच्याला पुन्हा पन्नास म्हणून धाडलीस, म्हणलं पोरगी एवढी हिशेब करून करून सांगून राहिली, तर त्याच पातेल्यात आणिक पन्नासाची टाकली. समदे पोट फुटुस्तर जेवलेत. गुरुजी लोक तर आडवे झालेत. तुझी माय एका हातानं वाढून राहिली आन् समद्यांला सांगून राहिली, माझ्या लेकीच्या मशीननं एक माणूस चुकविला न्हाई म्हणून."

"काकू... काकू, ऐका, मग नको. ते दोनशे तेहतीस म्हणजे..."

"नको कसं? तू म्हणतीस तर लागतच असणार. तुझं आजवर कुटं चुकलंय? ए पोरींनो, उठा गं! तुरीच्या शेंगा तोडा! आणिक दोनशे तेहतीसची टाकायचीय!"

आणि फोन कट.